बिनलेबलाची वांगी

भाताच्या पितळी गंजावर लेबल चिकटलं. वरणावर चिकटलं. चटणीच्या वाटीवर तिरपं का होईना, चिकटलं. पाण्याच्या माठापाशी येऊन इश्वर थांबला.

"राखीची आई, पाण्यावर काय लिहू?"

"लिवा, 'ओलं आहे'," रत्नाबाई चुलीपासून म्हणाली. "आन् बाजूले सरका. मले पुऱ्या तळाच्या आहेत."

इश्वरला हसायला सवड नव्हती. सानगडीची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा, त्याच दिवशी होती. घर पाहुण्यांनी भरलं होतं, गल्लीतली भांडी या घरातून त्या घरात फिरत होती, आणि दुपारी लाखांदूरहून पुंडलिकराव येणार होते. सोबत बायको आणि मुलगा. राखीला बघायला. आजवर आलेले सगळे फोटो राखीनं पालथे ठेवले होते. योगेंद्रचा फोटो मात्र तिनं आपल्या मोबाइलमध्ये उतरवून घेतला होता. इश्वरच्या घरात याला होकार म्हणत.

अडचण मुलाची नव्हती, बापाची होती. पुंडलिकरावांनी नागपुरात जीएम अन्नावर एक भाषण ऐकलं होतं आणि तेव्हापासून ज्याचं बी माहीत नाही ते तोंडात घालायचं सोडलं होतं. मुली बघायला गेले की आधी ताट बघत. ताटावरून ते उठले की संबंधही उठे. असे दोन संबंध उठले होते.

*भात. घरच्या धानाच्या बांधीतला. जीएम नाही.*

लेबलं छापून आणली होती रत्नाबाईच्या भावानं, कमलेशनं. साकोलीला त्याचं कृषी केंद्र होतं आणि दुकानात किमतीचे स्टिकर काढायचं मशीन होतं. छापताना तो सारखा कुरकुरत होता.

"भाऊजी, जीएम म्हंजे दुसरीकडचा गुण आणून बियाच्या आत बसवनं. आपल्या देशात शेतकरी तसलं पेरते ते फक्त कापसाचं. भाताचं नाही, वांग्याचं नाही. मंग 'नाही, नाही' कायले लिहून राहिलो आपन? उद्या मी दुकानावर पाटी लावू का, 'येथे वाघ नाही' म्हनून?"

"लाव ना. नागझिऱ्याच्या जंगलाच्या बाजूले राहतो आपन. गिऱ्हाईक निवांत येईन."

*कमलेश. वाद घालण्याची प्रवृत्ती आहे. पाहुण्यांपासून दूर ठेवावा.*

हे लेबल कोणी छापलं नव्हतं, पण रत्नाबाईच्या डोळ्यांत ते स्पष्ट वाचता येत होतं.

पुंडलिकराव आले ते वाचतच आले. दारावरची पाटी वाचली, पंख्याची कंपनी वाचली, कॅलेंडरावरची जाहिरात वाचली. मग बसले. त्यांच्या मागून सत्यभामाबाई आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर रोजचं ऊन सोसणाऱ्या माणसाची शांतता होती. योगेंद्र आधीच येऊन बसला होता. तो सकाळीच मोटारसायकलनं सानगडीत पोचला होता. मंडई पाहायची होती म्हणे.

चहा आला.

"दूध कोनाचं?"

"घरच्या म्हशीचं," इश्वर अभिमानानं म्हणाला.

"म्हैस काय खाते?"

"धानाचं तनीस खाते, तुरीचं कुटार खाते, ढेप खाते."

"ढेप कायची?"

इश्वरनं कमलेशकडे पाहिलं. कमलेशनं छताकडे पाहिलं.

"सरकीची. तेल काढल्यावर उरते ते," इश्वर म्हणाला.

"म्हंजे पाहा इश्वरभाऊ. सरकी कापसाची. कापूस बीटी. ढेप गेली म्हशीत. म्हशीच्या मार्गे..."

"म्हशीच्या मार्गे शेन येते, काकाजी," कमलेश म्हणाला आणि रत्नाबाईचं कोपर बरगडीत घेऊन गप्प बसला.

कोरा चहा झाला. पानं मांडली. पुंडलिकरावांनी चष्मा पुसून ताटाभोवतीच्या प्रत्येक भांड्याची पाहणी केली आणि पहिल्यांदाच हसले. "वा! असं पायजे. लोकायले कळलं पायजे आपन काय खाऊन राहिलो. फक्त मिठावर काहून नाही?"

"मिठाले जनुक नसते, काकाजी. ते समुद्रातलं आहे."

"मंग तसं लिहा!"

कमलेशनं दात आवळून लिहिलं. *मीठ. जनुकच नाहीत. समुद्राचं आहे.* ते शेवटचं कोरं लेबल होतं.

आता कृषी केंद्राची लेबलं ही औषधाच्या बाटल्यांसाठी असतात, गरम वरणासाठी नसतात. वाफेनं ती आधी घामेजली, मग वळली आणि मग एकेक करून निघाली. भाताचं लेबल पुरीवर गेलं. चटणीचं लेबल कोणाच्या तरी पाठीला चिकटून मंडईत फिरून आलं. वरणाचं लेबल वरणात उतरलं. पुंडलिकरावांनी घास घेतला, चावला, थांबले, आणि दोन बोटांनी जिभेवरून एक कागद काढला. धोतराला पुसला. वाचला.

*जीएम नाही.*

"बराबर," ते म्हणाले आणि जेवू लागले.

तेवढ्यात राखी पुऱ्या घेऊन आली. तिच्या कोपराला लेबल होतं, *खात्रीशीर. घरचं. जीएम नाही.* योगेंद्रनं ते वाचलं आणि त्याचं पाणी नाकातून आलं. राखीनं त्याच्या नजरेमागोमाग कोपर पाहिलं, लेबल काढलं आणि त्याच्या पेल्यावर चिकटवलं.

"तुमालेच जास्त गरज दिसते."

योगेंद्रचे कान लाल झाले. सत्यभामाबाई पदराआड हसल्या. इश्वरला वाटलं, जमलं बुवा.

*इश्वर. नव्वद टक्के घाम. उरलेली आशा.*

आणि वांग्याची भाजी आली. वर तेलाचा तवंग, सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, हिरवी पानं, वास असा की शेजारच्या घरातले पाहुणे ओट्यावर येऊन उभे राहिले. पुंडलिकरावांनी घास तोंडाजवळ नेला आणि परत खाली आणला.

"याच्यावर लेबल काहून नाही?"

"संपले जी," इश्वर म्हणाला.

"संपले का लपवले?"

"नाही बाप्पा, मिठाले लागलं शेवटचं."

"सगळ्यायले आहे, यालेच नाही. म्हंजे यालेच काहीतरी आहे!" पुंडलिकरावांनी वांग्याची फोड उजेडात धरली. "चमक पाहा. एक कीड नाही, एक भोक नाही. बिनकिडीचं वांगं देव तरी बनवते का? हे बदललेलं वांगं आहे. मी भाषन ऐकलं आहे!"

"अजी, तसलं वांगं पेराची बंदी आहे आपल्याकडे," कमलेश उसळला.

"बंदी आहे म्हनूनच तं बिनलेबलाचं आहे!"

पुंडलिकरावांनी हात झटकला आणि एक गुडघा उचलला. इश्वरला गुडघा दिसला. त्याच्यामागे उठलेले दोन संबंध दिसले. राखी हातात पुऱ्या घेऊन दारात उभी होती, आणि तिचा चेहरा बघवत नव्हता.

"असं नका करू पुंडलिकराव. बसा. पोरीचा काय दोष?"

"दोष ज्याचा आहे त्याचं नाव निघालं पायजे. ही भाजी कोन्या घरून आली?" मंडईच्या दिवशी भांडी भटकतात हे त्यांना माहीत होतं. परात त्यांनी आधीच वाचली होती, ती शेजारच्या चंद्रभागाबाईंची होती. आता त्यांनी भाजीचा गंज फडक्यानं फिरवला आणि काठावर कोरलेलं नाव सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं.

"हे पाहा, लिहिलं आहे. सौभाग्यवती... सत्यभामा... पुंडलिक..."

पुढे गावाचं नाव होतं, लाखांदूर. ते त्यांनी मनात वाचलं.

ओट्यावरचे पाहुणे आत सरकले. गुडघा जिथल्या तिथे राहिला.

"हा आपला गंज आहे," ते बायकोला म्हणाले.

"हो."

"मंग हे वांगे?"

"आपल्याच वाडीतले. कुठंही जेवाले बसले का उठता तुमी. मनलं, घरचंच पाठवाव. रत्नाबाईले फोन केला, योगेंद्रच्या हाती देलं."

"पन कीड काहून नाही?"

"रोज सकाळी उठून किडके वांगे कोन येचून फेकते? तुमी तवा पेपर वाचत असता."

कमलेशनं काही म्हणायला तोंड उघडलं. रत्नाबाईनं त्यात पुरी घातली.

पुंडलिकराव हळूहळू खाली बसले. बसण्यावाचून दुसरं काही उरलं नव्हतं. त्यांनी ती फोड खाल्ली. डोळे मिटले. दुसरी खाल्ली.

"भारी झाली," ते पडेल आवाजात म्हणाले. "घरी तं तू अशी बनवत नाही."

"मी नाहीच बनवली," सत्यभामाबाई म्हणाल्या. "मी फक्त गंज देला."

सगळ्यांनी गंजाकडे पाहिलं. त्यावर तर एवढंच नाव होतं. मग सगळ्यांनी सत्यभामाबाईंची नजर जिकडे होती तिकडे पाहिलं. योगेंद्र पेल्यावरचं लेबल नखानं खरवडत होता.

"पहाटे उठून केली," तो पेल्याला म्हणाला. "मले येते."

वांग्यावरून आता बोलणी कुठे न्यायची, हुंड्यावर, तारखेवर, का माफीवर, हे इश्वरला कळेना. पण ते त्याच्या हातात राहिलंच नव्हतं. राखीनं पुऱ्यांचं ताट कमलेशच्या हातात दिलं, पदर खोचला, गंज उचलला आणि थेट पुंडलिकरावांसमोर जाऊन वाकली.

"मामाजी, आनखी वाढू?"

मामाजी. सून सासऱ्याला हाक मारते ती. चुलीपाशी रत्नाबाई खाली बसली. योगेंद्रचा पेला कलंडला.

पुंडलिकरावांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि ताट पुढे केलं.

"वाढ, बाई."