डॉल्फिन दर्शन, हमखास

देवदत्तराव जोगळेकरांचा एक सवाल होता आणि तो ते भेटेल त्याला करत. वाण्याला करत, पोस्टमनला करत, मांडव्याच्या धक्क्यावर मुंबईच्या बोटीची वाट बघणाऱ्या अनोळखी माणसालासुद्धा सोडत नसत.

"समुद्र आपली जागा सोडून माझ्या वाडीत घुसतो, तेव्हा तो कोणाची परवानगी घेतो हो?"

समोरचा बिचारा मान हलवून वाट सुधरायचा. पण मंडळी, सवाल काही खोटा नव्हता. वेळसोंड्याच्या किनाऱ्यावर जोगळेकरांची नारळी-पोफळीची वाडी. दर पावसाळ्यात समुद्र कुंपणाचा दगडी गडगा ओलांडून आत यायचा आणि जाताना एखादा माड घेऊन जायचा. वडिलांनी लावलेली पुढची रांग केव्हाच गेली. आता पाळी विहिरीची होती. विहिरीत खारं पाणी शिरलं की पोफळ जळणार, आणि पोफळ जळली की मागे उरणार नुसती वाळू. म्हणून बँकेतून निवृत्त झाल्या झाल्या देवदत्तरावांनी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले आणि किनाऱ्याला भिंत मंजूर करून आणली. वाळूत लोखंडी पत्रे ठोकायचे, मागे दगड भरायचे. पेणकडचा दिनानाथ नावाचा ठेकेदार ठोकायचं यंत्र घेऊन तयार होता. पाऊस यायच्या आत काम संपवतो म्हणाला.

आणि ऐन वेळी कळलं, की अजून एक परवानगी राहिली आहे. ठोकाठोकीचा आवाज म्हणे पाण्यातून लांबवर जातो आणि समुद्रातल्या सस्तन प्राण्यांना त्याचा उपद्रव होतो. तेव्हा उपद्रव द्यायची परवानगी घ्या.

देवदत्तरावांचं टाळकंच सरकलं. "म्हणजे आता माशाला विचारून भिंत बांधायची? माझे माड गेले तेव्हा हे मासे कुठे गेले होते?"

पाहणी करायला मैथिली नावाची एक तरुण बाई मुंबईहून येणार होती. येऊ दे, देवदत्तराव म्हणाले. इथे डॉल्फिन नाही, एवढं तिला दाखवून दिलं की संपलं. दुसऱ्या दिवशीच्या बोटीने परत नाही पाठवली तर नावाचा जोगळेकर नाही. आणि खरंच, त्यांची मुंज झाली त्या सुमाराला गादे दिसायचे किनाऱ्याजवळ. गादा म्हणजे आपल्याकडचा डॉल्फिनच. पण त्यानंतर त्यांनी तरी गादा पाहिला नव्हता.

"अहो, पण आपला तो बोर्ड?" त्यांच्या पत्नी गौरीताईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

बोर्डाची भानगड अशी. जोगळेकर घरात पाहुणे ठेवत. पोफळीतल्या खोल्या, सकाळी पडवीत घावन-घाटलं, समोर समुद्र. पाहुण्याचं बोलणं खोडून काढायचं नाही, ही त्या घरातली जुनी रीत. पाहुणा आमटीला सांबार म्हणाला तर त्या दिवशी ते सांबार. तर एकदा ठाण्याच्या एका पाहुण्याने पडवीतून बोट दाखवून आरोळी ठोकली, की तो बघा डॉल्फिन. तो होता धर्माजी कोळ्याच्या जाळ्याचा बोया, म्हणजे जाळं कुठे आहे ते कळावं म्हणून बांधलेला तरंगता काळा डबा. लाटेबरोबर वर यायचा, खाली जायचा. देवदत्तरावांनी रीतीप्रमाणे खोडून काढलं नाही. वा, म्हणाले, नशीबवान आहात. पाहुणा खूश होऊन गेला, त्याने चार जणांना सांगितलं, त्या चौघांनाही डॉल्फिन दिसला. मग काय, मांडव्याच्या धक्क्यावर मोठा बोर्ड लागला. रोज सकाळी अंगणातून डॉल्फिन दर्शन, हमखास, न दिसल्यास नाश्ता फुकट. आजवर एकालाही नाश्ता फुकट द्यावा लागला नव्हता.

देवदत्तरावांनी फाटकावरची छोटी पाटी काढून माळ्यावर टाकली आणि हात झटकले. मांडव्याचा बोर्ड त्यांच्या डोक्यातच आला नाही. मैथिली बोटीने आली, मांडव्याला उतरली आणि फाटकातून आत येताच तिने हसत पहिलं वाक्य उच्चारलं ते असं.

"काका, तुमचा बोर्ड वाचला. म्हणून मुद्दाम तुमच्याकडेच उतरायचं ठरवलं."

देवदत्तरावांनी कोकम सरबताचा पेला तिच्या हातात दिला आणि जाहिरात म्हणजे जाहिरात असते, तिला फार मनावर घ्यायचं नसतं, असं समजावायला घेतलं. इथे मासा नाही, म्हणाले. मासा नव्हे, सस्तन प्राणी, ती म्हणाली. तोही नाही, ते म्हणाले. तिने परवानगीबद्दल काही सांगायला तोंड उघडलं, तर यांनी समुद्र कोणाची परवानगी घेतो तो सवाल सुरू केला. जेवताना तिने पुन्हा प्रयत्न केला, तर यांनी तिला विहीर दाखवायला नेलं. मुलगी शहाणी होती, गप्प बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत पाहुण्यांची पंगत बसली होती. त्यात डोंबिवलीची प्राप्ती नावाची एक बाई होती, नवरा आणि सासूबाईंना घेऊन आलेली. मैथिली कशासाठी आली आहे हे कळताच तिने घावन बाजूला ठेवलं. डॉल्फिन ना, म्हणाली, अहो काल आम्ही दोन पाहिले. एक मोठा आणि शेजारी त्याचं पिल्लू. सासूबाईंनी मान डोलावली. पिल्लू फार गोड होतं, म्हणाल्या.

देवदत्तरावांना चहाचा ठसका लागला. उन्हाने डोळे दिपतात हो ताई, असं ते कसंबसं म्हणाले. पण प्राप्तीने फोनच काढला. त्यात पाणी होतं, पाण्यात काळं काहीतरी वरखाली होत होतं, आणि पाठीमागून खुद्द देवदत्तरावांचा आवाज येत होता, की वा, नशीबवान आहात.

मैथिलीने ते पुन्हा पुन्हा पाहिलं. मग म्हणाली, नक्की सांगता येत नाही, थोडं थांबून बघावं लागेल.

थांबून! पाऊस तोंडावर आला होता. हिचं थांबणं लांबलं, तर भिंत राहील बाजूला आणि समुद्र थेट विहिरीवर येऊन उभा राहील. आयुष्यभर पाळलेली रीत एका बाजूला आणि वाडी एका बाजूला. त्यांनी डोळे मिटले आणि बोलून टाकलं, की तो बोया आहे. धर्माजीच्या जाळ्याचा डबा.

प्राप्तीने फोन ताटाशेजारी ठेवला.

"म्हणजे काल तुम्ही आम्हाला डबा दाखवलात?" प्राप्तीने विचारलं.

"मी दाखवला नाही. तुम्ही पाहिलात. मी फक्त खोडून काढलं नाही."

आता तुम्हीच सांगा, यात या माणसाचं काय चुकलं? पण प्राप्ती अशी भडकली की विचारू नका. तिने तो व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता. नणंदेने कौतुक केलं होतं, आणि ती नणंद कशाचंही कौतुक करत नाही. डबा बघायला आम्ही समुद्र ओलांडून आलो का, तिने विचारलं. तो डॉल्फिनच होता, आणि त्याला पिल्लूही होतं. सासूबाई म्हणाल्या, डबा कधी आपल्या पिल्लाकडे वळून बघतो का? बाकीचे पाहुणेही तिच्या बाजूने उभे राहिले. बघता बघता अख्खी पडवी डॉल्फिनवाली झाली आणि मालक एकटा डब्यावाला.

देवदत्तराव ताडकन उठले. आणूनच दाखवतो, म्हणाले. तुमचा मोठाही आणतो आणि पिल्लूही आणतो. लेंगा वर खोचून ते तरातरा वाळूतून गेले. धर्माजी होडी पाण्यात ढकलतच होता. त्याला काय झालंय ते कळेना, पण शेजारच्या माणसाचं डोकं फिरलंय एवढं कळलं. त्याने मुकाट्याने त्यांना होडीत घेतलं. समुद्र शांत होता. किनाऱ्यावर पाहुणे, गौरीताई आणि दुर्बीण घेतलेली मैथिली अशी सगळी वरात येऊन उभी राहिली.

बोया आला. देवदत्तरावांनी वाकून त्याची दोरी सोडवली, तो शेवाळलेला काळा डबा दोन्ही हातांनी डोक्यावर धरला आणि किनाऱ्याकडे तोंड करून होडीत उभे राहिले. हा घ्या तुमचा डॉल्फिन, त्यांनी बोंब मारली.

किनाऱ्यावर एकच कल्ला उठला. लोक उड्या मारत होते, हात हलवत होते, टाळ्या वाजवत होते. बघा, देवदत्तरावांना वाटलं, चूक कबूल करायला किती वेळ लागला या लोकांना.

"काका," धर्माजी हळूच म्हणाला, "बसा खाली. मागं गादा हाय."

देवदत्तराव वळले. होडीपासून हाकेवर सुद्धा नाही, इतक्या जवळ पाणी फुगलं, राखाडी पाठ वर आली आणि भस्सकन एक उसासा टाकून गेली. मग दुसरी आली. तिच्या कुशीला चिकटून एक छोटं पिल्लू होतं. देवदत्तरावांच्या हातातला डबा तसाच राहिला. वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलेला गादा त्यांना आठवला, आणि डोळ्यांत पाणी आलं. क्षणभर वाडी नाही, विहीर नाही, दिनानाथ नाही, काही नाही.

आणि मग भिंत आठवली.

ते गर्रकन किनाऱ्याकडे फिरले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "बोया आहे! हासुद्धा बोयाच आहे!"

तेवढ्यात त्या बोयाने पुन्हा उसासा टाकला. होडी हलली आणि देवदत्तराव डब्यासकट पाण्यात पडले. डबा होता म्हणून तरंगले. प्राप्तीने हेही फोनमध्ये घेतलं.

अंगावर पंचा गुंडाळून, आल्याचा चहा घेत ते पडवीत बसले तेव्हा त्यांना रडायचं बाकी होतं. गेली भिंत, ते म्हणाले, गेली वाडी. माझ्याच होडीमागे यायचं होतं मेल्यांना.

मैथिली समोर येऊन बसली. काका, आता तरी मला बोलू द्या, म्हणाली. आणि मंडळी, ती जे बोलली ते ऐकून गौरीताईंनी कपाळाला हात लावला. डॉल्फिन आहेत म्हणून परवानगी मिळत नाही, असं तिने कधी म्हटलंच नव्हतं. डॉल्फिन आहेत तिथेच तर ही परवानगी लागते. गादे बिचारे कानांवर जगतात, जवळ असताना ठोकलं तर बहिरे व्हायचे. म्हणून किनाऱ्यावर एक माणूस शिट्टी घेऊन बसवायचा. डॉल्फिन दिसला की शिट्टी, शिट्टी वाजली की ठोकणं बंद, आणि ते लांब निघून गेले की पुन्हा सुरू. एवढीच अट. थांबायचं होतं ते फक्त खात्री होईपर्यंत, आणि खात्री तर आता झाली.

"मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही मला विहीर दाखवत होता."

शिट्टीसाठी माणूस कोण, याचाही तिने विचार केला होता. डबा कोणता आणि डॉल्फिन कोणता, हे अख्ख्या किनाऱ्यावर तुमच्याइतकं कोणाला ओळखता येणार, असं तिने विचारलं. देवदत्तरावांची छाती पंच्याच्या आत फुगली. परवानगी आली, त्यांच्या गळ्यात शिट्टी आली आणि दिनानाथचं यंत्र वाळूत उभं राहिलं.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. काम झपाट्याने चाललं होतं. गादा आला की देवदत्तराव इमानाने शिट्टी मारत, गेला की हात हलवत. लबाडी नाही, कुचराई नाही. त्या मायलेकरांवर त्यांचा जीवच जडला होता. पण प्राप्तीने तो पाण्यात पडल्याचा व्हिडिओही नातेवाइकांना पाठवला होता, आणि नातेवाइकांनी पुढे जगाला पाठवला होता. खोल्या भरून वाहू लागल्या. रोज सकाळी पडवीत घावनं, आणि रोज कोणीतरी आनंदाने बोट दाखवणार, की काका, तो बघा डॉल्फिन!

देवदत्तराव दुर्बीण लावत. धर्माजीचा डबा. स्वच्छ, काळाकुट्ट, दोरीसकट डबा. पहिल्या दिवशी त्यांनी पाहुण्याच्या आशाळभूत चेहऱ्याकडे पाहिलं. एकदा खोडून काढलं होतं, त्याचे काय धिंडवडे निघाले ते आठवलं. वडिलांची रीत आठवली. आणि हात आपोआप शिट्टीकडे गेला.

ठोकणं थांबलं. दिनानाथ धापा टाकत वाळूतून वर आला.

"भाऊ, खरं सांगा. डबा होता ना त्यो?"

"डबा?" देवदत्तराव संतापाने लालबुंद झाले. "आमचे पाहुणे खोटं बोलतात म्हणायचंय तुला?"

आता पावसाची पहिली वर्दी आली आहे. रोजच्या शिट्ट्यांपायी भिंत अर्धीच झाली आहे, ती नेमकी विहिरीच्या अलीकडे थांबली आहे. परवा भरतीचं पाणी विहिरीच्या कठड्याला लागून गेलं. देवदत्तरावांचा संताप विचारू नका. मांडव्याच्या धक्क्यावर जातात, बोटीची वाट बघणाऱ्या माणसाला गाठतात आणि विचारतात, समुद्र माझ्या वाडीत घुसतो तेव्हा तो कोणाची परवानगी घेतो?

एकदा हा सवाल त्यांनी घरीच केला. गौरीताई घावन उलटत होत्या, त्यांनी मान वर करून पाहिलंही नाही.

"पाहुण्यांची," त्या म्हणाल्या.