सत्तावीस नंबरची कॅसेट आणि न बोलणारी साक्षीदार

राजुरीत कुत्रं भुंकलं तर ते कोणावर भुंकलं, हे कुत्र्याच्या आधी सयाजीमामांना कळतं, असं सयाजीमामा सांगत. साऱ्या गावाचे मामा, एसटीत तेहतीस वर्षं कंडक्टर. "बिनतिकिटाचा माणूस मी पाठमोरासुद्धा वळखतो, भाचीबाई. रिटायर झालो तवा पंच आन् बॅग जमा करून घेतली, नजर न्हाई. ती आता समाजाची." आजवर त्यांनी हाताळलेल्या सात प्रकरणांपैकी चार त्यांच्याच हरवलेल्या चष्म्याची होती, आणि त्यांतली तीन सुटली होती.

प्राचीला हे रोज ऐकावं लागे. गावच्या संगीत उत्सवाच्या चाळीस वर्षांच्या कॅसेटी राजुरी, बेल्हे, पिंपरी पेंढार अशा घरोघर पांगल्या होत्या. कोण गायलं, कोणता राग, तबल्याला कोण, कॅसेट कुठे आहे, ते सगळं एका कॉम्प्युटरात आणायचं काम समितीने तिला दिलं होतं, आणि मदतीला मामा. मामांनी पहिल्याच दिवशी तक्त्यात एक रकाना वाढवला: संशयित.

समितीचा नियम एकच. कॅसेट हाती असेल तरच नोंद, आणि यादी रविवारी बंद. सगळ्या सापडल्या, सत्तावीस नंबरची सोडून. ती उत्सवाच्या तिसऱ्या वर्षाची. त्या वर्षी मोठ्या गवयांची गाडी घाटात बंद पडली आणि गावातले सावळेराम सुतार पहाटेपर्यंत एकटे गायले. सावळेराम म्हणजे प्राचीच्या आईचे, आरतीचे, वडील. वर्षभरात ते गेले, आणि आठ वर्षांच्या आरतीला आजोळच्या लोकांनी मंचरला नेलं. आईला त्यांचा चेहरा फोटोवरून माहीत होता. आवाज मात्र आठवत नव्हता. प्राचीने हे काम घेतलं ते त्यासाठीच, आणि महिनाभर ती राजुरीतच राहत होती.

जुन्या वहीत स्पष्ट लिहिलं होतं: 'क्र. २७, ऐकायला नेली: लंकाबाई.'

"इतकं सरळ असतं का कुठं?" मामा म्हणाले. "ही दिशाभूल हाय."

मग त्यांना गेणूच्या बाजरीत पाखरं हाकायला बांधलेली कॅसेटची फीत चकाकताना दिसली. "पुरावा वाऱ्यावर फडफडतोय, भाचीबाई." दोघांनी भर उन्हात ती सोडवली, पेन्सिलीने गुंडाळली, लावली. आतून गायीच्या पेंडीची जाहिरात निघाली. गेणू बांधावरून म्हणाला, "राव, पाखरं तुमच्या घरी पाठवू का आता?"

दुसरा संशय बेल्ह्याच्या बाजारातल्या एका बैलवाल्यावर. तो गुणगुणत होता, एवढाच गुन्हा. मामांनी दोन तास पाठलाग केला आणि एक दावं विकत घेऊन परतले. घरी बैल नव्हता.

शेवटी लंकाबाईच. देवळातली दिवाबत्ती त्यांच्याकडे. मामा साक्ष घ्यायला गेले ते बरोबर जेवणाच्या वेळी.

"काकू, सत्तावीस नंबरची कॅसेट कुठं हाय?"

लंकाबाईंनी ताटावरून मान वर केली, डाव्या हाताने देवळाच्या कळसाकडे बोट केलं आणि भाकरी मोडली.

"देवाची शपथ घेती," मामा प्राचीच्या कानात म्हणाले. "पक्की गुन्हेगार."

मग ते पिठलं-भाकरी खाऊन तिथेच आडवे झाले. उठेपर्यंत लंकाबाई पोथी ऐकायला गेलेल्या. जाताना मामांनी वातींच्या डब्यातून कापसाची चिमूट घेतली. पहाटे देवळाचा भोंगा लागला की त्यांच्या विचारशक्तीला त्रास होई, म्हणून कानात कापूस. दुसऱ्या दिवशीही तसंच. प्रश्न, बोट, पिठलं, झोप, कापूस. फक्त पिठल्यात मिरची जास्त होती.

शनिवारी चार वाजता प्राची एकटीच गेली. लंकाबाई वाती वळत होत्या.

"आजी, तुम्ही बोलत का नाही?"

"न बोलायला काय झालं, बाई? चातुर्मासात मी जेवताना बोलत न्हाई. आन् सयाजी दुसऱ्या येळंला येतच न्हाई." त्यांनी डब्यातला कापूस बाजूला केला. तळाशी कॅसेट होती, सत्तावीस नंबरची. "देवळातली भूपाळीची कॅसेट तुटली व्हती, तवा ही लावली. काल सांजच्याला माझ्या नातवानं, पप्पूनं, पेनड्राइव्हवर घेतली, मंग ही घरी आणली. बोट दाखवलं की तुमाला, दोन डाव."

"म्हणजे रोज पहाटे वाजतं ते…"

"सावळेराम. मला वाटलं, समद्यांना ठाऊक हाय."

रविवारी पहाटे प्राचीने आईला फोन लावला आणि तो भोंग्याकडे धरला. भूपाळी पूर्ण झाली. मग आई हळूच म्हणाली, "अगं, हे तर तू महिनाभर फोनवर गुणगुणतेयस."

एवढ्यात ओट्यावरून सयाजीमामा आले. "काय म्हणतीस? मोठ्यानं बोल. सापडला का चोर?"

प्राचीने लॅपटॉप उघडला. क्रमांक सत्तावीस. गायक: सावळेराम सुतार. ठेवण्याची जागा: लंकाबाईंचा वातींचा डबा. 'संशयित' हा रकाना मामा काढू देत नव्हते, म्हणून तिने तोही भरला: सयाजीमामांच्या कानातला कापूस.