काकूंची पढिन

आमच्या शेजारच्या वत्सलाकाकू एका मासळीवर जळतात. आमच्या कांचघर मोहल्ल्यात नवऱ्यावर संशय घेणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या, पण मासळीवरून घेणारी हीच एक.

काका निवृत्त झाल्यापासून दर रविवारी स्कूटरला गळाची दांडी बांधून बरगीच्या धरणावर जातात. त्यांना हवी असते फक्त पढिन. रुंद जबड्याची, लांब मिशांची, बारक्या माशांवर झडप घालणारी. ती लागली की दांडीची कमान होते. नुसतं ओढून भागत नाही, दोर सोडत, मनवत आणावी लागते. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. एरवी माणूस अबोल.

पण पढिन ते घरी आणत नाहीत. पुन्हा पाण्यात सोडून देतात. काकूंचं दुखणं तेच. "खायची नाही, विकायची नाही, मग काय तिचं तोंड पाहाले जातात?" रविवारी निघताना काका दाढी करतात, हेही त्यांनी हेरलं होतं. काका कुठे गेले असं कोणी विचारलं की म्हणायच्या, "गेले तिच्याकडे."

एका रविवारी त्यांना राहवलं नाही. आज तिला पाहूनच येऊ म्हणाल्या. मी त्यांना माझ्या गाडीतून बरगीला नेलं.

काठावर पोचलो तेव्हा काकांची दांडी वाकलेली होती. आमच्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. बऱ्याच झटापटीनंतर पढिन काठाशी आली. काकूंनी वाकून तिला नीट निरखलं. ते तोंड, त्या मिशा. त्यांचा चेहरा उजळला.

"हे ध्यान?" त्या माझ्या कानात पुटपुटल्या.

तेवढ्यात काकांनी हात ओले केले, गळ हलकेच सोडवला आणि तिला पाण्यातच धरून ठेवलं. "थकली ना? दम घे बाई. काही घाई नाही. लागलं तर नाही ना?" शेपटी मारून ती निघून गेली, तरी ते पाण्याकडे पाहत बोलतच राहिले.

काकूंचा चेहरा उतरला. मुलगी लग्न होऊन गेली तेव्हापासून घरात यांचं एवढं बोलणं ऐकलं नाही, असं त्या परतताना गाडीत म्हणाल्या.

पुढच्या रविवारी पाहते तर त्या स्कूटरवर काकांच्या मागे बसलेल्या, मांडीवर डबा. मी विचारलं, आज तुम्ही काहून?

स्कूटर सुरू झाली, तेव्हा काकू त्या आवाजाआड हळूच म्हणाल्या, "बोलतात ते तिच्याशीच. पण बाजूले बसलं की मलेही ऐकू येते."