गटार, बाक आणि संयोजकांची करडी नजर

"वजनमापे खात्यातून निवृत्त. सूक्ष्म निरीक्षण, अचूक अनुमान, निर्भीड लेखणी. माझ्या नजरेतून काहीही सुटत नाही."

नगरपालिकेच्या ऑनलाइन चर्चापीठावर माझ्या सासऱ्यांनी स्वतःची ही ओळख लिहिली आहे. त्या नजरेतून घराची किल्ली आठवड्यातून दोनदा सुटते आणि बाहेर कुलपालाच लटकलेली सापडते, पण तेवढं लिहायला जागा उरली नसावी. ते चर्चापीठाचे संयोजक. सहाय्यक मी, कारण टायपिंग मला येतं.

नियम साधा होता. शुक्रवारी पाच वाजता यादीत जो विषय सर्वांत वर, तो नगरपालिका हाती घेणार. मी विषय टाकला: बालवाडीच्या फाटकासमोरच्या गटारावर झाकण नाही. माझी लेक साडेतीन वर्षांची आहे आणि प्रत्येक भोकात वाकून बघते. दोनशे जणांनी पाठिंबा दिला. तरी वर राहिला एकच विषय, बागेतल्या बाकांचा रंग. पहिल्या शुक्रवारी बाक हिरवे झाले, दुसऱ्या शुक्रवारी तपकिरी. गटार उघडंच.

"सूनबाई, हे आपोआप होत नाही," सासरे म्हणाले. "यामागे डोकं आहे."

हा आरोप शेवटी टिकला नाही.

पहिला संशयित रंगाचा दुकानदार. सासरे तासभर त्याच्या दुकानासमोर पाळत ठेवून उभे राहिले आणि रंगांचे नमुने घेऊन परत आले. मग बागेचा माळी, कारण तो बाकाजवळ शीळ घालताना दिसला, आणि निरपराध माणूस म्हणे शीळ घालत नाही. त्यानंतर बालवाडीच्या बाई. मुलं भिऊन आत बसावीत म्हणून त्यांना गटार उघडंच हवं होतं, असं अनुमान निघालं. शेवटी मी. तक्रार करणाऱ्यावर आधी संशय घ्यावा, हे त्यांना जरा उशिरा आठवलं. मंगळवारी तीन ते चार मी कुठे होते, असं त्यांनी विचारलं. मी त्यांच्यासमोर चहा ठेवत होते. त्यांनी वहीत लिहिलं, साक्षीदार नाही.

तपास चालू असताना संयोजकाचं कर्तव्यही चालू होतं. दर तासाला ते बाकांच्या विषयात शिरून नागरिकांना खडसावत, या क्षुल्लक विषयावर बोलू नये.

तिसरा शुक्रवार, साडेचार. माझा जीव टांगणीला. सासूबाई वाटाणे सोलत होत्या. हा विषय असा वर चढतो तरी कसा, असं त्यांनी विचारलं. ज्या विषयात कोणी शेवटचं लिहितं तो वर जातो, मी सांगितलं. त्यांनी हात पुसून माझा फोन घेतला आणि अंगठ्याने बाकांचा विषय खाली सरकवत नेला.

"अगं, लोकांनी बोलणं कधीच सोडलंय," त्या म्हणाल्या. "खाली ओळीने हेच बसलेत."

एकशे एक्केचाळीस सूचना. सगळ्या संयोजकांच्या.

मी सासऱ्यांना दाखवलं.

"म्हणजे कोणीतरी माझा वापर करून घेतोय," ते म्हणाले, आणि हा शोध जाहीर करायला पुन्हा बाकांच्या विषयात शिरू लागले. पाचला वीस मिनिटं होती.

"अहो," सासूबाई वाटाण्यांवरची नजर न उचलता म्हणाल्या, "त्या गटाराच्या विषयातही लोक भरकटायला लागलेत म्हणे. तुमच्याशिवाय कोण आवरणार?"

पुढची वीस मिनिटं सासऱ्यांनी गटारावर कडक शिस्त लावली. तिथे कोणीही नव्हतं. पाच वाजता गटार सर्वांत वर होतं.

सोमवारी दोन कामगार हातगाडीवर लोखंडी झाकण घेऊन आले. दहा मिनिटांचं काम. एवढे दिवस झाकण मिळत नव्हतं का, मी विचारलं.

"झाकण पहिल्या दिवसापासून गोदामातच होतं, ताई," त्यातला एक म्हणाला. "पण यादीत वर बाक होते ना. दोन्ही वेळा रंगही आम्हीच दिला."

सासरे शेजारी झाकणाचे फोटो काढत होते, पुरावा म्हणून. मी आधी स्वतः झाकणावर उभी राहिले, दोनदा जोरात उडी मारली, आणि मगच लेकीला फाटकाकडे सोडलं.