मिरची भडकली!

"आज मी कायम होणार! पेढे आणून ठेव!" गिरगावातून निघताना गुरुदत्त तळपद्यांनी बायकोला ठणकावून सांगितलं.

"आधी व्हा, मग पेढे!" नलूताई म्हणाल्या. सहा महिने हेच ऐकून त्यांचे कान किटले होते.

गुरुदत्त एका दैनिकात बाजारभावाचे बातमीदार. उमेदवारीवर! संपादक बाबुरावांनी काल शेवटचं बजावलं होतं, "'भाव वाढला, भाव उतरला'! ही काय बातमी आहे, गारढोण पिठलं नुसतं! बाजाराची भाषा वापर. उद्या फोनवर ऐकून मी खुर्चीतून उठलो पाहिजे, नाहीतर तू घरी बस!"

लालबागला दत्तारामच्या मसाल्याच्या दुकानात फोन होता. पण लाइन ठार बहिरी!

"बाबुराव, लालबागची मिरची भडकली!"

"काय?"

"भडकली! लालबाग! भ-ड-क-ली! हळद कोसळली! हो, आडवी! आवक बंद! परळकडून काही येत नाही!"

गुरुदत्त बेंबीच्या देठापासून ओरडले आणि फोन ठेवून समाधानाने वळले. बघतात तर गल्लीत धावाधाव! दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे, कोपऱ्यावर फटाका वाजला तरी दुकानांच्या फळ्या लागायच्या. इथे तर खुद्द पेपरवाला बोंबलत होता!

"काय झालं हो?" त्यांनी मिरचीवाल्या मालनला विचारलं.

"लालबाग भडकलंय! हळदणकरांची म्हातारी कोसळली म्हनं, परळचा रस्ता बंद! घ्या वो मिरची, अर्ध्या भावात घ्या, मला घर गाठू द्या!"

"अरे बापरे!" म्हणत गुरुदत्तही दत्तारामला फळ्या लावू लागले. तिसरी फळी उचलताना त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. हळदणकरांची म्हातारी? हळद! मेलो!

तोवर शाळा सुटली, पोलिसांची गाडी आली आणि फोन खणखणला.

"गुरुदत्त!" बाबुरावांचा आवाज आता लख्ख ऐकू येत होता. "लालबागला दंगल उसळल्याची खबर आहे, आणि तू तिथेच! शाब्बास! पहिल्या पानाची बातमी दे, आत्ता कायम करतो!"

सहा महिन्यांची नोकरी जिभेच्या टोकावर आली होती. नुसतं 'हो' म्हणायचं! पण दारात पोलीस उभा.

"साहेब, दंगल नाही."

"मग भडकलं काय?"

"मिरची. मघाशी मीच सांगितलं ना!"

पलीकडून दात-ओठ खात प्रश्न आला, "बरं. मिरची तरी भडकलेली आहे ना अजून?"

गुरुदत्तनी फळीच्या फटीतून पाहिलं. मालन पाटी रिकामी करून निघाली होती.

"कोसळली, साहेब. निम्म्यावर."

"उद्यापासून हवामान लिही! उमेदवारीवरच!"

"बरं. 'पाऊस कोसळला' असं लिहू?"

"'झाला' लिही! आणि फोन करशील तर याद राख! पोस्टकार्ड टाक!"