बावीस कुंड्या अंबाडी

माणूस परमुलखात गेला की पहिल्या वर्षी त्याला घर आठवतं, दुसऱ्या वर्षी माणसं आठवतात आणि तिसऱ्या वर्षापासून फक्त भाज्या आठवतात. याबाबत तज्ज्ञांत एकमत आहे (तज्ज्ञ म्हणजे ज्यांची तीन वर्षं भरली आहेत ते). मस्कतमधल्या मराठी मंडळींच्या कोणत्याही बैठकीत पहिली दहा मिनिटं व्हिसावर जातात आणि उरलेले दोन तास ‘आमच्याकडे ती एक पालेभाजी मिळते’ या विषयावर जातात.

उत्तम सोनटक्के यांचं हे नववं वर्ष होतं, म्हणजे दुखणं जुनाट होतं. मूळचे नांदेडकडचे. अल् खुवैरला तीन बेडरूमचा फ्लॅट आणि पाइप बनवणाऱ्या एका कंपनीत गुणवत्ता तपासनिसाची नोकरी. पाइपाला तडा गेला तर तो का गेला याचा अहवाल लिहिणं हे त्यांचं काम. नऊ वर्षांत त्यांनी सहाशे चौदा अहवाल लिहिले होते आणि सहाशे चौदाही वेळा चूक दुसऱ्या खात्याची निघाली होती. असा निर्दोष माणूस शोधून सापडत नाही.

त्यांच्या घरी दरवर्षी महालक्ष्म्या बसत. नांदेडकडे महालक्ष्म्यांच्या ताटात अंबाडीची भाजी लागते, आणि मस्कतमध्ये त्यांच्या पत्नी कलावतीवहिनींना काही ती मिळत नसे. आठ वर्षं त्यांनी पालकात लिंबू पिळून वेळ मारून नेली. लक्ष्म्या काही बोलल्या नाहीत, पण वहिनींना नैवेद्य दाखवताना मान वर करवत नसे. म्हणून नवव्या वर्षी, म्हणजे २०१६च्या सुट्टीत, त्यांनी आईकडून अंबाडीच्या बियांची पुरचुंडी आणली आणि सांगितलं, “औंदा काही झालं तरी खरी अंबाडी.”

बाल्कनीत अठ्ठेचाळीस अंश होते. तिथे ठेवलेली प्लास्टिकची खुर्चीसुद्धा वाकली होती. तेव्हा सोनटक्के यांनी मोठ्या मनाने मुलीची खोली ताब्यात घेतली (मुलगी, प्रियांका, नववीत; तिला हॉलमधला सोफा मंजूर झाला). खोलीत बावीस कुंड्या आल्या, चोवीस तास एसी आला, छताला जांभळा प्रकाश देणारे दिवे आले आणि खिडकीला बाहेरून काही दिसू नये असा चंदेरी कागद लागला. कागद उन्हासाठी होता. ही गोष्ट नंतर पुष्कळदा सांगावी लागली.

अंबाडी झकास आली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगायला हवं की तिचं वरचं पान पाच बोटांचं असतं, लांबट, कडेला बारीक दातेरी. दिसायला मोठं डौलदार. पस्तिसाव्या दिवशी खालची पानं पिवळी पडली आणि सोनटक्के यांच्या चेहऱ्यावर नऊ वर्षांत न दिसलेलं तेज आलं. घरात प्रथमच अहवाल लिहिण्याजोगं काही घडलं होतं.

वहिनी दारातूनच म्हणाल्या, “अहो, पानं निबर झालीत. खुडू का?”

“हात लावायचा नाही. तपास चालू आहे.”

वहिनींची सूचना विहित नमुन्यात नसल्यामुळे तिची नोंद झाली नाही.

तपास ‘हरित मस्कत’ या व्हॉट्सॲप गटावर सुरू झाला. गटाचे सदस्य एकशे तेरा, त्यांपैकी घरात झाड असलेले चार, त्यांपैकी खरं झाड असलेले तीन. असा निःपक्षपाती गट दुसरा नव्हता. फोटो पडताच चोवीस तासांत एकेचाळीस निदानं आली. त्यांत लोह कमी असल्याची नऊ, लोह जास्त असल्याची नऊ, दृष्ट लागल्याची सहा, आणि सुप्रभातची बाकीची. बँकेतल्या धनेशने मीठ घालायला सांगितलं. कुरुमला पाण्याच्या पंपांचा व्यापार करणारे रत्नागिरीचे तय्यबभाई म्हणाले, पाणी वाढवा. मराठी मंडळाच्या सांस्कृतिक सचिव विशाखाताई म्हणाल्या, झाडांशी मराठीत बोला, इथे त्यांना कोण आहे. सोनटक्के यांनी सगळ्यांचा मान राखला. सकाळी मीठ, दुपारी पाणी, संध्याकाळी गप्पा. पानं आणखी पिवळी झाली.

शेवटी शास्त्र मदतीला आलं. अल् खौदला विद्यापीठाजवळ राहणाऱ्या, प्रयोगशाळेत काम करणाऱ्या जितेशने इंटरनेटवरून एक अमेरिकन तक्ता काढून पाठवला. चोवीस पानं, चोवीस आजार. टोक जळालं तर काय, कड वळली तर काय, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा तर काय. रंगीत, सुबक. आणि पान? तेच. पाच बोटांचं, लांबट, दातेरी. तक्त्यावर झाडाचं नाव नव्हतं, पण नावाची गरज तरी काय? आपल्या माणसाला आपली अंबाडी कळते.

सोनटक्के यांचे डोळे भरून आले. आपल्याकडे अंबाडीला गरिबाची भाजी म्हणतात, आणि तिकडे अमेरिकेत लोकांनी तिच्या एकेका पानावर आयुष्य वेचलं होतं! त्यांनी तक्ता कंपनीच्या मोठ्या प्रिंटरवर छापला, लॅमिनेट केला आणि ज्ञान सर्वांचं असतं म्हणून तीन ठिकाणी लावला: ऑफिसचा सूचनाफलक, इमारतीची लिफ्ट आणि घरचा फ्रिज.

मग ते तक्त्याच्या मूळ ठिकाणी, म्हणजे त्या परदेशी बागायतदारांच्या संकेतस्थळावर पोचले आणि खोलीचे नऊ फोटो टाकून मदत मागितली. इतकी सज्जन माणसं त्यांना आयुष्यात भेटली नव्हती. कोणी टोमणा मारला नाही, कोणी सुप्रभात पाठवलं नाही. प्रत्येक जण सावकाश, शांतपणे, मध्येच विषय सोडून पुन्हा विषयावर येत उत्तर द्यायचा. त्यांनी विचारलं, फुलोऱ्याला किती दिवस ठेवणार? सोनटक्के यांनी लिहिलं, आमच्यात फुलाची वाट बघत नाहीत. पानं उकडून, डाळ आणि कण्या घालून, वरून फोडणी देऊन खातात.

पलीकडून सात जणांनी ‘उकडून?’ एवढंच लिहिलं.

मग एकाने विचारलं, एकटे खाता? सोनटक्के यांनी कळवलं, छे, घरचे सगळे आणि सोळा पाहुणे. मुलंसुद्धा. आधी देवीला दाखवतो. माझी आजी चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, लहानपणापासून आठवड्यातून दोनदा खाते, अजून सुईत दोरा ओवते. यावर एकशे सत्तर लोकांनी आजीला दंडवत घातला. एका गृहस्थाने लिहिलं की आपण उगाच आयुष्य वाया घालवलं, आता नांदेडला जाणार. सोनटक्के यांनी त्याला रेल्वेची माहिती पाठवली.

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना, लक्ष्म्यांच्या जेवणाला दोन दिवस उरले तेव्हा, प्रियांका फ्रिजमधून दूध काढायला गेली आणि तक्त्यापाशी थबकली.

“बाबा, हा चार्ट... अंबाडीचा नाहीये.”

“मग कशाचा आहे?”

“ते... मला मराठी वर्ड नाही येत. ते पोलीसवालं.”

“पोलीसवालं म्हणजे?”

“गांजा, बाबा! तुम्ही लिफ्टमध्ये पण लावलाय!”

सोनटक्के खुर्चीत बसले (खुर्ची तिथे नव्हती). जांभळा दिवा, चंदेरी कागद, बावीस कुंड्या, एकशे तेरा साक्षीदार आणि आजीचा जबाब हे सगळं त्यांना एका दमात दिसलं. पायजम्यावरच ते लिफ्टकडे धावले. ऑफिसच्या फलकावरचा तक्ता काढायला गेले तेव्हा तो तिथे नव्हता. हिशोब खात्यातल्या एका सभ्य गृहस्थाने तो अभ्यासासाठी घरी नेला होता.

बातमी गटावर पोचायला सहा मिनिटं लागली आणि गट रिकामा व्हायला चार. मिठाचा सल्ला देणारा धनेश पहिला बाहेर पडला. जाताना त्याने लिहिलं, ‘मी कधीही मीठ म्हटलेलं नाही.’ संध्याकाळी विशाखाताईंच्या घरी तातडीची सभा झाली आणि ठराव झाला की ती अंबाडीच आहे याबद्दल मंडळाला तिळमात्र शंका नाही, तरी ती आजच उपटावी. सोनटक्के यांनी प्रत्येक कुंडीवर ‘ही अंबाडी आहे. दुसरं काहीही नाही’ अशी चिठ्ठी तीन भाषांत चिकटवली. अरबी मजकूर तय्यबभाईंनी लिहून दिला, पण अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने. चिठ्ठ्यांमुळे खोली पूर्वीपेक्षा दुप्पट संशयास्पद दिसू लागली.

घरी सोनटक्के कचऱ्याच्या काळ्या पिशव्या घेऊन उभे राहिले. वहिनी दारात आडव्या आल्या.

“आठ वर्षं पालक वाढला मी. उपटायची असंल तर उपटा, पण परवा लक्ष्म्यांपुढं ताट तुम्ही ठेवायचं. अन् का नाही ते बी तुम्हीच सांगायचं.”

सोनटक्के यांना पोलिसांची भीती होती, पण ती ऐकीव होती; वहिनींची अनुभवाची. त्यांनी पर्यायांचा तक्ता केला. एक, पाला खालच्या कचराकुंडीत टाकणे: सगळी इमारत बघेल. दोन, गाडीत घालून वाळवंटात सोडणे: वाटेत कोणी डिकी उघडायला लावली तर चिठ्ठी वाचून दाखवावी लागेल. तीन, खाणे. तिसरा पर्याय त्यांनी ‘तपास अपूर्ण’ म्हणून खोडला. तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

घरमालक होते. हुसेन, साठीचे, पांढऱ्याशुभ्र पायघोळ डिशडाशातले, निझवाकडचे. सगळे त्यांना अर्बाब (म्हणजे मालक) म्हणत. खालच्या मजल्यावर छतातून पाणी गळत होतं (तय्यबभाईंचा सल्ला झिरपत झिरपत तिथवर पोचला होता), म्हणून ते पाहायला आले होते. पाण्याच्या रेघेमागे चालत ते थेट जांभळ्या खोलीत शिरले.

हुसेन कुंड्यांमधून एक फेरी मारून आले. त्यांनी एक चिठ्ठी वाचली. मग दुसरी वाचली. मग अर्बाबनी वरचं एक कोवळं पान तोडलं, चावलं आणि डोळे मिटून तोंड वाकडं केलं.

“खट्टा! ये खाने का है?”

“हां अर्बाब, भाजी का है,” वहिनी म्हणाल्या.

“तो खाता क्यूं नहीं?” हुसेन आता खरोखर चिडले. “मेरे गाव में बकरी का घास है. काटेगा तो फिर आयेगा. नहीं काटेगा तो पत्ता बुढ्ढा, नीचे से पीला, खलास. इतना पानी, इतना लाइट, और काटता नहीं! मजनून!”

तपासनीस जागा झाला. सोनटक्के यांनी वही उघडली. “अर्बाब, इसका आधार क्या है? किसने बोला?”

“बकरी,” हुसेन म्हणाले आणि गळती बंद करायला सांगून निघून गेले.

त्या रात्री अहवाल क्रमांक सहाशे पंधरा लिहून झाला. मूळ कारण: भाजी वेळेवर न खाणे. दोषी खाते: (ही जागा प्रथमच त्यांनी बराच वेळ कोरी ठेवली आणि मग स्वतःचं नाव लिहिलं, अक्षर लहान होतं.) वहिनींनी पहाटे पदर खोचला आणि बावीसच्या बावीस कुंड्या खुडल्या. निबर पानं अर्बाबच्या बकऱ्यांना गेली, कोवळी घरात राहिली. उकडल्यावर ती मोठं पातेलंभर झाली.

लक्ष्म्यांच्या दिवशी खरी अंबाडी ताटात पडली आणि कलावतीवहिनींनी नऊ वर्षांत प्रथमच मान वर करून नैवेद्य दाखवला. त्या रडल्या आणि त्यांनी ते लपवलं नाही.

जेवायला सोळा जणांना बोलावलं होतं. एकसष्ट आले. गट सोडून गेलेल्यांपैकी निम्मे, सभेत हात वर करणारे सगळे, शिवाय हिशोब खात्यातले ते सभ्य गृहस्थ. एरवी पालेभाजी बाजूला सारणाऱ्यांनी तीन-तीनदा वाढून घेतली. मग सारे भिंतीला टेकून गप्प बसले आणि वाट पाहू लागले. धनेशने दर पाच मिनिटांनी घड्याळ बघितलं. विशाखाताईंना पंखा जरा हळू फिरतोय असं वाटलं (पंखा बंद होता). तय्यबभाई उगाच हसले, त्याबरोबर चौघे हसले. तासाभराने कुणालाच काही झालेलं नाही हे उघड झालं, आणि मंडळी पाया पडून, थोडी हिरमुसून घरी गेली.

पातेलं घासायला काढताना वहिनींनी हिशेब केला. एकसष्ट माणसं जेवली. दारातून निघताना एकसष्टांनीही त्यांना हळूच एकच विचारलं, “वहिनी, तुम्हाला काही झालं का?” भाजी कशी झाली होती, हे एकानेही सांगितलं नाही.

आणि वाचकहो, खरं सांगा, तुम्हीही गेला तासभर भिंतीला टेकून त्यांच्याच बरोबर वाट बघत होता. भाजी चांगली झाली होती. मीठ किंचित जास्त पडलं होतं.