हंबीरराव आण्णांचा रिपोर्ट

फ्लेक्सशिवाय समाजकार्य होत नाही, हे कोल्हापुरात आता सर्वमान्य आहे. फ्लेक्स लागला की बहुतेक कार्य संपतंही, हा त्यातला जादा फायदा.

मंगळवार पेठेचे माजी नगरसेवक हंबीरराव आण्णा याच तत्त्वावर मोठे झालेले. म्हणून एचआयव्ही तपासणी केंद्रातल्या समुपदेशक क्रांतीताईंनी पुढाऱ्यांची बैठक बोलावली, तेव्हा आण्णा वेळेवर गेले (म्हणजे तासभर उशिरा). ताईंचं म्हणणं साधं होतं. लोक लाजून तपासणीला येत नाहीत, तर पुढाऱ्यांनी आधी स्वतःचं रक्त तपासून घ्यावं. शंभर टक्के पुढाऱ्यांनी पाठिंबा दिला. बाही वर करणारे शून्य टक्के निघाले. कुणी उद्घाटन मागितलं, कुणी अध्यक्षपद. एकाला तर निम्मं उद्घाटनही चालणार होतं. आण्णांनी फ्लेक्स दिला.

चांगला वीस फुटी. गॉगल घातलेले आण्णा, हात जोडलेले, आणि खाली 'एचआयव्हीला घाबरू नका'.

आता पेठेचं फ्लेक्सशास्त्र पक्कं आहे. फोटो लागला म्हणजे त्या माणसाचा वाढदिवस असतो, निवड झालेली असते, नाहीतर तो गेलेला असतो. आण्णांचा वाढदिवस लांब होता, निवडणूक व्हायची होती आणि माणूस तर चौकात मिसळ हाणताना दिसत होता. मग राहिलं काय? पेठेनं डोकं चालवलं आणि मनापासून हळहळली.

शेजारच्या तानाबाई शहाळी घेऊन आल्या आणि उंबऱ्याबाहेर ठेवून गेल्या. तालमीत सगळ्यांना काचेच्या ग्लासात चहा आला, आण्णांना कागदी कपात. ग्लासानं एचआयव्ही पसरत नाही, हे आण्णांनीच भाषणात टाळ्या घेत सांगितलं होतं, आणि टाळ्या वाजवणारे हेच होते. आण्णांनी तो कप तसाच खाली ठेवला. फार लागलं त्यांना. त्यात पक्षाचा निरोप आला, की तिकिटाचं बघू, आधी रिपोर्ट दाखवा.

आण्णा तडक केंद्रात गेले. फ्लेक्सवाल्याला बरोबरच नेलं, रिपोर्ट आला की लगेच छापायला. ताईंनी रक्त घेतलं आणि म्हणाल्या, "आण्णा, रिपोर्ट चौकात लावायची रीत तुम्ही पाडली, तर ज्याला लावता येणार न्हाय त्याला पेठ कशात चहा देईल?"

आण्णांनी रिपोर्ट वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि फ्लेक्सवाल्याला रिकाम्या हातानं परत पाठवलं (माजी नगरसेवकांत हे लक्षण दुर्मिळ). दुसऱ्या दिवशी चौकात नवा फ्लेक्स लागला. 'मी तपासणी केली. तुम्ही?' फोटो नाही, गॉगल नाही, शुभेच्छुकही नाहीत.

पेठ खवळली. हे काय पुढारी असून लपवणं झालं! तिकीट पक्षातल्या दुसऱ्या इच्छुकाला, अमरसिंहांना गेलं. त्यांचा रिपोर्ट स्वच्छ मानण्यात आला, कारण तो काढलेलाच नव्हता.

जो तो केंद्रात जाऊन विचारू लागला, "काय निघालं वो आण्णांचं?" ताईंचं उत्तर ठरलेलं. इथं ज्याचं रक्त, त्यालाच उत्तर मिळतं. आलोच आहे तर रिकामं कसं परतायचं, म्हणून एकेकानं बाही वर केली. रांग दाराबाहेर गेली. आण्णा कट्ट्यावरून रांग बघत बसायचे आणि कुणी काही विचारलंच तर उसाच्या दराविषयी बोलायचे.

आता इथवर वाचून तुम्हालाही वाटत असेल, ते सगळं राहू दे, पण आण्णांचं निघालं तरी काय? वाटणारच की. केंद्र सकाळी उघडतं, पावणं. येताना स्वतःचं रक्त घेऊन या.